आधी सस्पेन्शन की आधी चाके : अकरा वर्षांच्या स्विफ्टवर खर्च कोणत्या क्रमाने करावा?

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१४ ची डिझेल स्विफ्ट आहे, व्हीडीआय. एक लाख अठरा हजार किलोमीटर झाले आहेत आणि इंजिनाबद्दल काहीही तक्रार नाही. रोज कोल्हापूर शहरातून कागलच्या पंचतारांकित वसाहतीपर्यंत ये-जा असते आणि महिन्यातून एकदा आई-वडिलांना घेऊन गगनबावड्याचा घाट उतरून वैभववाडीकडे गावी जाणे होते. गाडी विकायची इच्छा नाही, त्यामुळे यंदा तिच्यावर साठ हजारांपर्यंत खर्च करायचे ठरवले आहे.

प्रश्न क्रमाचा आहे. मनात दोन कामे आहेत. पहिले म्हणजे सस्पेन्शन : गाडी तीस-पस्तीस मिलिमीटर खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा आणि त्यांच्या जोडीला गॅसचे शॉकअप. दुसरे म्हणजे चाके : सध्याच्या चौदा इंची लोखंडी डिस्क काढून सोळा किंवा सतरा इंची अलॉय आणि रुंद टायर. दोन्ही एकदम परवडणार नाही. शाहूपुरीतील एका दुकानात ‘चाके आधी घ्या, बदल लगेच दिसतो’ असे सांगण्यात आले, तर धाकट्या भावाचे म्हणणे असे की चाके ही केवळ शोभा आहे. सध्याची चाल सांगायची तर महामार्गावर नव्वदच्या वेगात पुलाच्या सांध्यावरून गेल्यावर पुढचा भाग दोन-तीनदा झुलतो, घाटातल्या वळणांवर गाडी अंगावर आल्यासारखी कलते आणि शहरातल्या लहान खड्ड्यात डावीकडून ‘खट्’ असा आवाज येतो. जाणकारांनी सांगावे.

मॅगवाला

मी चाकांच्या बाजूने बोलतो. सगळे जण शोभा शोभा म्हणून हिणवतील, परंतु त्यामागे एक व्यवहाराचे कारणही आहे. तुम्ही गाडी खाली बसवणार असाल, तर मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये किती जागा उरते हे चाकाची रुंदी आणि ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून चाक गाडीला टेकते त्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर, मिलिमीटरमध्ये) यांवर ठरते. आधी स्प्रिंगा बसवल्या आणि नंतर आवडलेले चाक घासू लागले, तर एक तर चाक परत करावे लागते किंवा मडगार्डची कड आतून मुडपावी लागते. माझ्या मित्राने हेच केले आणि मागे दोन माणसे बसली की प्रत्येक गतिरोधकावर टायर घासल्याचा आवाज ऐकत तो वर्षभर फिरला.

ऑफसेटचा हिशोब साधा आहे. ४५ चा ऑफसेट जाऊन ३५ चा आला की चाक दहा मिलिमीटर बाहेर सरकते. त्याच वेळी रिम एक इंचाने रुंद झाली की दोन्ही कडा प्रत्येकी साडेबारा मिलिमीटरच्या आसपास वाढतात. म्हणजे बाहेरची कड जवळजवळ २३ मिलिमीटर बाहेर येते आणि हा आकडा खरेदीआधी कोणीही सांगत नाही. म्हणून चाक कोणते हे आधी ठरवा आणि मग गाडी किती खाली आणायची ते ठरवा.

आणि शोभेबद्दलही बोलतो. गाडी लावून दहा पावले गेल्यावर माणसाने मागे वळून तिच्याकडे पाहावे, यालाही काही मोल आहेच.

घाटमार्गी

मॅगवाल्यांचा ऑफसेटचा मुद्दा बिनतोड आहे, परंतु तो गाडी खाली बसवणाऱ्यांना लागू होतो. धागाकर्त्यांनी गाडी खाली बसवावीच का, हा प्रश्न कोणी विचारलेला नाही. या स्विफ्टची जमिनीपासूनची उंची १७० मिलिमीटर आहे. मागे आई-वडील, डिकीत सामान, पुढे आंब्याची पेटी अशा अवस्थेत ती आपोआपच खाली बसते. त्यातून आणखी पस्तीस मिलिमीटर काढून घेतले तर आपल्या गल्लोगल्लीच्या गतिरोधकांवर पोट घासणार. शिवाय उसाच्या हंगामात ट्रॉल्यांमधून पडलेली मोळी रात्रीच्या वेळी गाडीखालून जायची असते, हे कोल्हापूरच्या माणसाला वेगळे सांगायला नको.

तुमची तीन लक्षणे वाचून मला सुधारणेपेक्षा दुरुस्तीचा वास येतो. सांध्यावरून गेल्यावर दोन-तीनदा झुलणे हा स्प्रिंगांचा दोष नव्हे. स्प्रिंगेचे काम दबणे आणि उसळणे हेच आहे, तिला आवरण्याचे काम शॉकअपचे असते. शॉकअपमध्ये पिस्टनच्या बारीक छिद्रांतून तेल ढकलले जाते आणि उसळीची ऊर्जा उष्णतेत जाते. तेल गळाले किंवा आतील झडपा झिजल्या की ही ऊर्जा जाण्याची वाट बंद होते आणि गाडी झुलत राहते. धडधाकट शॉकअप असलेली गाडी सांध्यावरून गेल्यावर एकदा वर येते आणि जागच्या जागी बसते. ‘खट्’ आवाज बहुधा लिंक रॉडचा (गाडीचे कलणे आवरणाऱ्या दांड्याला सस्पेन्शनशी जोडणारी काडी) किंवा लोअर आर्मच्या (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारी खालची भुजा) बुशचा, म्हणजे रबरी सांध्याचा, असावा.

आता याच अवस्थेत सतरा इंची चाके बसवली तर काय होईल ते पाहा. शॉकअप मेलेला असताना चाक रस्त्यावर टेकून राहत नाही, उड्या मारत चालते. प्रत्येक उडीनंतर रबर एकाच जागी खरवडले जाते आणि काही हजार किलोमीटरमध्ये नव्या टायरवर हाताला लागतील असे चढउतार तयार होतात. मग त्यांचा गुणगुणणारा आवाज सुरू होतो आणि माणूस बेअरिंग बदलत बसतो. तुमच्या गाडीत एबीएस आहे का? नसेल तर घाटाच्या उतारावर उड्या मारणारे चाक ब्रेक दाबताच लवकर जाम होते, ही गोष्ट चाल आणि शोभा या दोहोंपेक्षा मोठी आहे.

मीही एकेकाळी सतरा इंचांच्या मोहात पडलो होतो. आंबा घाटाच्या अलीकडे, मलकापूरच्या पुढे, पावसाने भरलेला एक खड्डा मला डबके वाटला. एका धक्क्यात पुढची आणि मागची अशा दोन रिमा वाकल्या. स्टेपनी एकच असते.

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

एबीएस नाही. लिंक रॉडचा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. मी याला सुधारणेचा प्रश्न समजत होतो, कदाचित तो आधी देखभालीचा आहे.

इचलकरंजी फेरी

मी रोज कोल्हापूर ते इचलकरंजी स्वतः गाडी चालवत जाते आणि मला या चर्चेत एक गोष्ट राहून गेल्यासारखी वाटते. सस्पेन्शन की चाके असे विचारताना सर्वांनी टायर हा चाकाचा पोटभाग समजला आहे. माझ्या मते तो स्वतंत्र विषय आहे आणि क्रमात पहिला आहे. गाडीचे जे काही रस्त्याला टेकते ते चार तळहातांएवढे रबर असते. शॉकअप कितीही भारी असला तरी त्याचे सगळे काम त्या रबरामार्फतच रस्त्यापर्यंत पोहोचते.

कृपया उद्या सकाळी टायरच्या बाजूवर लंबगोलात कोरलेले चार आकडे वाचा. पहिले दोन आठवडा सांगतात आणि शेवटचे दोन वर्ष. ‘२३१७’ असेल तर तो टायर २०१७ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे. कायद्याने नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर लागते, परंतु माझा अनुभव असा की आपल्या पावसात तीन मिलिमीटरखाली गेलेला टायर साचलेल्या पाण्यावर तरंगू लागतो. वय झालेल्या टायरची नक्षी पुरेशी दिसते आणि रबर मात्र पाटीसारखे टणक झालेले असते. माझा टायर गोटा झालेला नव्हता, तरीही हातकणंगल्याजवळ पहिल्या वळवाच्या पावसात गाडी सरळ जायची सोडून तिरकी गेली. तो टायर सात वर्षांचा होता.

रुंदीबद्दल एक सावधगिरीची सूचना. रुंद टायर कोरड्या रस्त्यावर चांगली पकड देतो, परंतु साचलेल्या पाण्यात तोच अरुंद टायरपेक्षा लवकर तरंगतो. गगनबावड्याचा पाऊस पाहता २०५ मिलिमीटर रुंदीचा हट्ट नको.

ओतकाम

मी फौंड्रीत आयुष्य काढले आहे. आपल्याकडे मुख्यतः बिडाचे आणि एसजी आयर्नचे ओतकाम होते, अ‍ॅल्युमिनियमचे कमी, तरी धातू तो धातू. अलॉय चाकांबद्दल बाजारात जे बोलले जाते त्यातील निम्मे ऐकून मला हसू येते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर पुढे सरकावे.

पहिला गैरसमज : अलॉय म्हणजे हलके. चाकाला साधारणपणे ए३५६ नावाची अ‍ॅल्युमिनियम, सिलिकॉन आणि थोड्या मॅग्नेशियमची मिश्रधातू वापरतात. अ‍ॅल्युमिनियमची घनता लोखंडाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी असली तरी तेवढीच ताकद मिळवण्यासाठी भिंत जाड ठेवावी लागते, त्यामुळे साध्या ओतीव अलॉयचे वजन त्याच मापाच्या लोखंडी डिस्कच्या आसपासच येते. घडवलेली किंवा फिरवत दाबून रिम पातळ केलेली चाके खरोखर हलकी असतात, परंतु त्यांची किंमत साठ हजारांत बसणार नाही. आणि तुम्ही माप वाढवले की वजन वाढणारच. गोदामातील काट्यावर मी मुद्दाम तोलून पाहिले होते : टायरसह चौदा इंची लोखंडी चाक साडेतेरा किलो भरले आणि ओळखीच्या मुलाचे सतरा इंची चाक टायरसह साडेअठरा. म्हणजे कोपऱ्यागणिक पाच किलो. हे वजन स्प्रिंगेच्या वर नाही, खाली आहे. स्प्रिंगेवरचे पाच किलो म्हणजे मागच्या सीटवर ठेवलेली तांदळाची पिशवी, पण स्प्रिंगेखालचे पाच किलो प्रत्येक खड्ड्यात शॉकअपला एकट्याने आवरावे लागतात. त्यामुळे थकलेल्या शॉकअपवर मोठी चाके बसवणे म्हणजे आजारी बैलाच्या गाडीत जास्तीचा ऊस भरणे होय.

दुसरी गोष्ट उष्णतेची. ओतलेल्या चाकाला ताकद येते ती नंतरच्या उष्णोपचारामुळे. सुमारे ५४० अंश सेल्सिअसला तापवून पाण्यात विझवायचे आणि मग दीडशेच्या वर, ठरावीक तापमानाला काही तास मुरवायचे. आता तडा गेलेल्या चाकाला कोणी वेल्डिंग करून देतो तेव्हा वेल्डच्या शेजारच्या पट्ट्यातील तो सगळा उपचार पुसला जातो. वर रंग छान बसतो आणि आत मऊ पट्टा राहतो. लोखंडी डिस्क वाकते आणि ठोकून सरळ होते, ओतीव अलॉय थोडे वाकते आणि मग तडकते. म्हणून जुने अलॉय घेणार असाल तर आतल्या कडेवर आणि आऱ्यांच्या मुळाशी डोळ्यांत तेल घालून पाहा. आमच्याकडे डाय पेनेट्रंटची सोय आहे. लाल रंग लावायचा, पुसायचा आणि पांढरी पूड फवारायची. तडा असेल तर लाल रेघ स्वतःहून उमटते. कोणाला चाके तपासायची असतील तर चहाच्या मोबदल्यात करून देईन.

तिसरी गोष्ट मधल्या भोकाची. तुमच्या गाडीला चार नट आणि १०० मिलिमीटरचे वर्तुळ आहे, हे सगळे दुकानदार जाणतात. परंतु हबचा, म्हणजे चाकाचे मधले भोक ज्यावर बसते त्या गाडीच्या भागाचा, व्यास ५४.१ मिलिमीटर आहे आणि बाजारातील पुष्कळ चाकांचे भोक त्याहून मोठे असते, कारण एकच चाक अनेक गाड्यांना विकायचे असते. मधली फट भरणारी कडी घातली नाही तर चाक केवळ नटांवर मध्यावर येते. मग कितीही बॅलन्सिंग करा, ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरत राहते.

मॅगवाला

ओतकाम काका, पाच किलोंचा आकडा वाचून मी माझ्या सोळा इंची चाकांकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिले हे कबूल करतो. पण सोळा आणि सतरा यांत फरक करा. १९५/५५ आर १६ (रुंदी १९५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ५५ टक्के, रिम १६ इंची) हे माप फार वाईट नाही.

घाटमार्गी

आकडेच मांडू, म्हणजे मतभेदाला जागा कमी राहील. सध्याचा १६५/८० आर १४ टायर घेतला तर त्याची बाजूची भिंत १३२ मिलिमीटर आणि पूर्ण उंची सुमारे ६२० मिलिमीटर येते. याच मॉडेलच्या वरच्या श्रेणीत कंपनी १८५/६५ आर १५ देत होती : भिंत १२० आणि उंची ६२१.५. मॅगवाल्यांचा १९५/५५ आर १६ : भिंत १०७ आणि उंची ६२१. सतरा इंचांत २०५/४५ घेतला तर भिंत उरते ९२ आणि उंची ६१६. उंची सर्वांची जवळपास सारखी असल्याने स्पीडोमीटर बिघडत नाही. बदलते ती भिंत. चौदा इंचांवरून सतरा इंचांवर जाताना तुम्ही प्रत्येक चाकाखालून चार सेंटिमीटर हवेची गादी काढून टाकता. ही भिंत म्हणजे गाडीची पहिली स्प्रिंग आहे आणि ती कारखान्यातून मोफत मिळालेली आहे.

त्यामुळे चाके बदलायचीच असतील तर माझे मत पंधरा इंचांना. रबर वीस मिलिमीटरने रुंद होते, भिंत बारा मिलिमीटरनेच कमी होते आणि वळणावर टायर दुमडणे जाणवण्याइतके घटते. भार निर्देशांकही ८५ वरून ८८ वर जातो, म्हणजे टायरमागे ५१५ किलोंऐवजी ५६०.

सातबारा

कायद्याचे थोडक्यात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ तपशिलांशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात हे ठामपणे सांगितले आहे. त्याच मॉडेलच्या वरच्या श्रेणीत कंपनीनेच दिलेले माप घेतले तर वाद उद्भवण्याची शक्यता फारच कमी राहते. मडगार्डबाहेर आलेली चाके आणि कापलेल्या स्प्रिंगा मात्र नजरेत भरतात. जे काही बसवाल त्याची पावती जपून ठेवा आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

उद्यमनगरचा लेथ

स्प्रिंगा कापण्याचा उल्लेख आला म्हणून लिहितो. चार पैसे वाचवण्यासाठी ग्राइंडरने वेटोळे उडवून गाडी खाली बसवणारे लोक मी पाहिले आहेत आणि धागाकर्त्यांना कोणी ना कोणी हा सल्ला देणारच. स्प्रिंगेचा ताठरपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर आणि वेटोळ्यांच्या संख्येच्या उलट प्रमाणात ठरतो. काम करणारी सहा वेटोळी असतील आणि त्यांतील एक कापले तर स्प्रिंग वीस टक्क्यांनी ताठ होते आणि दबायला जागाही कमी उरते. शॉकअप मात्र जुन्याच स्प्रिंगेसाठी बेतलेला असतो, तो या नव्या उसळीला पुरा पडत नाही. शिवाय स्प्रिंगेचे टोक ज्या खोबणीत बसते त्या आकाराचे राहत नाही, त्यामुळे चाक मोकळे लोंबले की स्प्रिंग जागेवरून सरकू शकते.

दुसरे, गॅरेजमध्ये काम करून घेताना एक गोष्ट उभे राहून पाहा. लोअर आर्मच्या बुशमध्ये रबर हे आतील आणि बाहेरील नळीला चिकटवलेले असते. ते फिरत नाही, पिळले जाते. गाडी जॅकवर आणि चाके लोंबत असताना बोल्ट आवळला, तर गाडी जमिनीवर आल्याबरोबर ते रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते आणि काही महिन्यांत फाटते. बोल्ट आधी हातानेच लावावा, गाडी स्वतःच्या वजनावर उभी करावी आणि मग शेवटचा पीळ द्यावा. बुश महिन्याभरात गेले म्हणून सुट्या भागांना शिव्या देणाऱ्यांपैकी अनेकांचे बुश असेच गेलेले असतात.

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

आठवडाभर उत्तर देऊ शकलो नाही, कारण तुमच्या सांगण्याप्रमाणे एकेक गोष्ट तपासत होतो. अहवाल देतो.

इचलकरंजी फेरी ताई, तुम्ही उदाहरणादाखल लिहिलेला आकडा वाचून मी सकाळी खाली गेलो आणि माझ्या मागच्या दोन टायरांवर ‘१९१७’ कोरलेले आढळले. आठ वर्षे. नखाने दाबून पाहिले तर नख उमटत नाही. पुढचे दोन नंतर घेतलेले आहेत, पण तेही साडेपाच वर्षांचे आहेत. त्यावर दर महिन्याला आई-वडिलांना घेऊन घाट उतरत होतो हे लक्षात आल्यावर त्या दिवशी कागलला बसने गेलो.

मग उद्यमनगरातील ओळखीच्या मिस्त्रींकडे गाडी उचलून पाहिली. पुढच्या डाव्या शॉकअपच्या अंगावर तेल ओघळून धुळीचा थर बसला होता. उजवा कोरडा होता, पण दाबल्यावर सावकाश परत यायचा सोडून तसाच राहिला. दोन्ही लिंक रॉड हाताने हलत होते. लोअर आर्मचे मागचे बुश डावीकडे पूर्ण फाटलेले, उजवीकडे अर्धे. स्प्रिंगा मात्र शाबूत होत्या. मिस्त्रींनी उंची मोजली, चारही बाजूंना फरक नाही. म्हणजे मी जे बदलायला निघालो होतो तेवढीच एक गोष्ट धड होती.

पुढचे दोन शॉकअप, त्यांची वरची माउंटिंगे आणि रबरे, दोन्ही लोअर आर्म, लिंक रॉड आणि मागचे शॉकअप हे सगळे मूळ प्रतीचेच घेतले. मजुरी आणि अलाइनमेंट धरून अठरा हजार आठशे झाले. गॅसचे शॉकअप घेण्याचा मोह झाला होता, परंतु स्प्रिंगा मूळच्या ठेवायच्या असतील तर त्यांच्याशी जुळणारेच घ्यावेत असे मिस्त्री म्हणाले आणि मला ते पटले. बोल्टचा शेवटचा पीळ गाडी रॅम्पवर स्वतःच्या वजनावर उभी करून दिला. मी शेजारी उभा असल्याचे पाहून मिस्त्रींनी ‘कुणी सांगितलं तुम्हाला हे?’ असे विचारले. मी उद्यमनगरच्याच लेथने सांगितले असे उत्तर दिले.

उद्यमनगरचा लेथ

मिस्त्री कोण ते माझ्या लक्षात आले. माणूस चांगला आहे. उगाच त्यांची परीक्षा घेतल्यासारखे झाले.

मॅगवाला

मग उरलेल्या एकेचाळीस हजारांत पंधरा इंची अलॉय आणि टायर आरामात बसतात. कंपनीचेच जुने अलॉय शोधा, वरच्या श्रेणीतून काढलेले मिळतात. हबचे भोक जुळते, ऑफसेट जुळतो आणि सातबारा साहेबांचाही आक्षेप राहत नाही.

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

मॅगवाला दादा, तोच शोध चालू आहे. तत्पूर्वी रविवारी जुन्याच टायरांवर, एकटाच, कोरड्या हवेत गगनबावड्यापर्यंत जाऊन आलो, कारण एका वेळी एकच गोष्ट बदलली तरच कशाने काय झाले ते कळते असे मला वाटते.

फरक असा. पुलाच्या सांध्यावर गाडी एकदाच वर येऊन बसते. ‘खट्’ आवाज गेला. वळणावर कलणे कमी झाले, परंतु गेलेले नाही, आणि आता मला वाटते की माझी तक्रार कलण्याबद्दल नव्हतीच. कलल्यानंतर गाडी पुन्हा सरळ होताना जो एक जास्तीचा हेलकावा बसायचा, त्याची भीती वाटायची. तो हेलकावा आता नाही. ब्रेकमध्येही सुधारणा जाणवली. पूर्वी खडबडीत उतारावर ब्रेक दाबला की पेडलमधून धडधड यायची, आता नाक जरा दबते आणि गाडी सरळ रेषेत थांबते. न सुधारलेली गोष्ट म्हणजे टायरचा आवाज. खडबडीत डांबरावर मागून येणारी घरघर तशीच आहे आणि ती आता इतर आवाज गेल्यामुळे जास्त ऐकू येते.

पंधरा इंची कंपनी अलॉयचा एक संच मला चौदा हजारांना मिळतो आहे. दिसायला स्वच्छ आहे. ओतकाम काका, चहाची तयारी ठेवतो.

ओतकाम

बुधवारी दुपारी आणा. टायर काढून आणा, आतली कड टायर असताना दिसत नाही.

इचलकरंजी फेरी

टायर घेताना दुकानात बाजूचे आकडे वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. ‘नवीन’ म्हणून मिळालेला टायर गोदामात दोन वर्षे पडून असू शकतो. आणि दोनच घेणार असाल तर नवे मागे घाला. पुढचे घसरले तर गाडी सरळ जाते आणि माणूस वेग कमी करतो, मागचे घसरले तर गाडी फिरते.

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

बुधवारचा अहवाल. चारही चाकांना लाल रंग लावला, वीस मिनिटे थांबलो, पुसले आणि पांढरी पूड मारली. तीन चाके स्वच्छ निघाली. चौथ्याच्या आतल्या कडेपासून आऱ्याच्या दिशेने अडीच इंचांची लाल रेघ आमच्या डोळ्यांदेखत उमटली. बाहेरून त्या जागी नवा रंग होता आणि काकांनी बोट फिरवून तिथे आधी वेल्ड करून घासल्याचे दाखवले. विकणाऱ्या गृहस्थांना फोटो पाठवला, त्यांनी विसार लगेच परत केला. त्यांनाही हे माहीत नसावे असे त्यांच्या बोलण्यावरून वाटले.

त्यामुळे तूर्त जुन्या चौदा इंची डिस्कवरच, मूळ मापाचे चार नवे टायर घातले आहेत. चारही टायरांवर याच वर्षाचे आकडे आहेत. घरघर गेली. डिस्कना काळा रंग मारून घेतला, तेवढीच मॅगवाला दादांची आठवण. पैसे उरले आहेत आणि पंधरा इंचांचा विचार हे टायर झिजेपर्यंत पुढे ढकलला आहे. पुढच्या शनिवारी आई-वडिलांना घेऊन गावी जातोय.

ओतकाम

ती तीन चांगली चाके त्या गृहस्थांकडेच असतील तर त्यांना सांगून ठेवा. याच नमुन्याचे एक सुटे चाक आमच्या शेजारच्या शेडमध्ये दोन वर्षांपासून दार अडवायला ठेवलेले आहे. लाल रंग लावून पाहतो आणि कळवतो.